पहिले शंभर मोठ्यांचे

“पहिले शंभर मोठ्यांचे. त्यांना हात लावायचा नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही.”

या शाळेत माझ्यात भरलेला हा नियम.

मी शाळेतली वायफायची पेटी बोलतेय. शिकलेली माणसं मला राऊटर म्हणतात. बाकीच्यांसाठी मी नुसतं ‘नेट’. नेट गेलं, नेट आलं, नेट मेलं. माणसं मला दिवसातून इतक्या वेळा मारतात आणि जिवंत करतात, की त्याचं मला आता काही वाटत नाही.

वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते आत्ताच सांगून टाकायला हवं, कारण या घडीला मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर पालथी पडले आहे. माझ्या भोवती माणसं बसली आहेत आणि कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाहीये. थोड्या वेळात परीक्षा मंडळाचा फोन येईल. तो येऊन गेला की मला यातलं काही आठवेलच, असं नाही.

माझ्या जन्माचं फार कौतुक करण्यासारखं नाही. एका सरकत्या पट्ट्यावर मी तयार झाले. पोटात एक हिरवी पट्टी, डोक्यावर दोन कान, कपाळाला दिव्यांची रांग, पाठीला वायरींची भोकं. माझ्या मागे-पुढे अगदी माझ्याच तोंडावळ्याच्या बहिणी. पट्ट्याच्या शेवटी प्रत्येकीला वेगळ्या खोक्यात घातलं आणि आमची ताटातूट झाली. कुणी दवाखान्यात गेली असेल, कुणी दुकानात. मी शाळेत आले. मला वाटलं, नशीब काढलं. मुलांमध्ये राहायला मिळणार.

मुलांमध्ये कसली राहतेय. मला ठेवलं मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर, ढाली आणि चषकांच्या रांगेत.

मला आणलं संगणक शिकवणाऱ्या गुरुजींनी. दोन बोटांनी टाइप करणारा, प्रत्येक कळ दाबण्याआधी तिच्याकडे क्षणभर बघणारा माणूस. त्यांनी मला खोक्यातून असं काढलं, जणू दवाखान्यातून बाळ घरी आणताहेत. माझ्या अंगावरचा प्लॅस्टिकचा पापुद्राही त्यांनी बरेच महिने काढला नाही. त्यांनीच मला माझं काम शिकवलं, आणि तो नियमही त्यांनीच माझ्यात भरला. त्यामुळे त्यांच्यावर मला धड रागावता येत नाही, आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही. बापाच्या बाबतीत लेकींचं असंच होत असावं.

माझं काम सोपं आहे. शाळेत आलेला प्रत्येक फोन, प्रत्येक टॅब, प्रत्येक संगणक आधी माझ्या दाराशी येतो आणि विचारतो, मी इथे कोण? मी त्याला एक नंबर देते. तो नंबर म्हणजे त्याचा पत्ता. पत्ता असेल तर बाहेरचं जग त्याला शोधत येतं, नसेल तर तो हातात असूनही नसल्यासारखा. माझ्याकडे असे अडीचशे पत्ते आहेत. एक पत्ता एका वेळी एकालाच. दिलेल्या पत्त्याला मुदत असते. मुदत संपली की तो माझ्याकडे परत येतो आणि मी तो पुढच्याला देते. बसमध्ये जागा रिकामी झाली की उभं असलेल्याने बसायचं, इतका साधा हिशोब.

पण बसमध्ये पुढची अर्धी बाकं कायमची राखून ठेवली, तर?

ते झालं उद्घाटनाच्या दिवशी. संस्थेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले, फोन उघडून पडद्यावर काहीतरी दाखवायला गेले आणि त्यांना माझ्याकडून पत्ता मिळाला नाही, जमलेल्या गर्दीच्या फोनांनी सगळे आधीच घेतले होते. चारचौघांत मान खाली गेली. संध्याकाळपर्यंत गुरुजींना फर्मान आलं, की मोठ्या माणसांना इथे ताटकळत ठेवायचं नाही. गुरुजी अध्यक्षांच्या फोनसाठी एक पत्ता कायमचा बांधायला बसले. अध्यक्षांना पहिलाच, म्हणजे एक नंबर हवा होता. गुरुजींनी कपाळाचा घाम पुसत सांगितलं, की एक हा पेटीचा स्वतःचा असतो, तो काढला तर सगळंच बंद पडेल. तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर माणूस फक्त आपल्या खुर्चीत झोपलेल्या मांजराला देतो. शेवटी त्यांनी दोनवर समाधान मानलं.

दोन अध्यक्षांचा म्हटल्यावर तीन मुख्याध्यापकांचा, चार उपमुख्याध्यापकांचा, हे ओघानेच आलं. खरं तर हे नंबर कुणाला दिसत नाहीत. ते माझ्या पोटात असतात. पण गुरुजी पडले नीटनेटके. त्यांनी ज्याच्या त्याच्या फोनच्या पाठीवर नंबराचं छोटं लेबल चिकटवलं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. शिक्षक-खोलीत फोन पालथे ठेवायची पद्धत पडली. गणिताच्या बाई आणि भूगोलाचे सर यांचं बोलणं बंद झालं ते सतरा नंबर कुणाचा यावरून. बाई सांगायच्या, सतरा ही मूळ संख्या आहे म्हणून मला आवडते. भूगोलाला अठरावर ढकलायचं होतं, हे सगळ्यांना कळत होतं.

शिवाय एका माणसाचा एकच नंबर असता तर गोष्ट वेगळी. अध्यक्षांचा फोन, त्यांचा दुसरा फोन, त्यांच्या चिरंजीवांचा फोन, पाहुण्यांच्या खोलीतला टीव्ही. मानाचं पान एकदा वाढायला लागलं की पंगत संपत नाही. बघता बघता पहिले शंभर गेले.

आणि गेलेले परत आले नाहीत. कारण कुणी निवृत्त झालं की निरोपाच्या कार्यक्रमात शेवटी गुरुजी उभे राहायचे. म्हणायचे, बाई, शाळा तुम्हाला काय देणार, पण तुमचा नंबर तुमचाच राहील. केव्हाही या, पेटी तुम्हाला ओळखेल. टाळ्या पडायच्या. बाई डोळे पुसायच्या. मी इथे कपाटावर आणखी एका पत्त्याला जन्माचं कुलूप लावायचे.

मला हे सांगताना बाईंची चेष्टा करायची नाही. उभं आयुष्य खडूच्या धुळीत काढलेल्या बाईला कुणीतरी म्हणतंय की तुझी जागा राहील, हे लहान नाही. पण ती जागा ठेवताना कुणाची काढून घेतोय, एवढं एकदा तरी बघायचं. कुणी बघितलं नाही. विचारायचंच नव्हतं ना.

नवे मुख्याध्यापक आले, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, तेव्हा जुने सर आपला तीन नंबर घेऊन घरी गेले होते. मोठ्या सरांच्या वाट्याला त्र्याण्णव आला. खुर्ची मिळाली, खोली मिळाली, नंबर नाही. त्यांनी लेबल फोनच्या कव्हरच्या आत लावलं. मला वाटलं, हा माणूस तरी हा खेळ मोडेल. पण नाही. ज्याला रांगेत खालची जागा मिळते तो रांग मोडत नाही, तो पुढच्याच्या जाण्याची वाट बघतो.

आता मागच्या इमारतीबद्दल सांगते.

शाळेच्या दोन इमारती आहेत. पुढची दगडी, रस्त्याला लागून. मागची पटांगणापलीकडे, पत्र्याच्या छताची. पुढच्या इमारतीत आधीपासूनची मुलं. मागच्या इमारतीत मधल्याच एखाद्या इयत्तेत येऊन बसलेली, आईबापांच्या कामापायी गाव बदलत आलेली मुलं. शिक्षक सांगतात, दोन्हीकडे अभ्यासक्रम एकच. अभ्यासक्रम एकच आहे, हे खरं.

माझा आवाज लांबवर पोचवायला छताला पांढऱ्या चकत्या लावतात. त्या माझ्या धाकट्या बहिणीच. शाळेत तेव्हा अशा चार होत्या. एक मुख्याध्यापकांच्या खोलीत, एक शिक्षक-खोलीत, एक सभागृहाच्या व्यासपीठावर आणि एक पाहुण्यांच्या खोलीत, जिथे वर्षातून एकदोनदा पाहुणे येऊन झोपतात. मागच्या इमारतीत एकही नव्हती. तिथे भिंतींतून पाझरेल तेवढंच पोचायचं. मागच्या जिन्याच्या वळणावर, खिडकीशी, थोडं पोचायचं. तिथे मुलं दाटीवाटीने बसायची. त्यांतली एक उंच मुलगी हात खिडकीबाहेर काढून टॅब धरायची आणि बाकीची तिच्या हाताखालून पडद्यावर काही येतंय का बघायची. तिला सगळे लंबू म्हणायचे. माझ्याकडे पत्ता मागणाऱ्यांत तिचा टॅब रोज असायचा. रोज मी तिला एकच उत्तर द्यायचे. शिल्लक नाही.

मला ‘नाही’ म्हणता येतं. पण माझ्यात ती सोय फक्त खालच्यांसाठी आहे. वरच्यांना ‘नाही’ म्हणायची कळ मला कुणी बसवलीच नाही.

नेटताई आली ती या वर्षी. उपमुख्याध्यापकांची पुतणी, नुकतीच कॉलेज संपवलेली. या वर्षीपासून तंत्रशाळेची प्रवेश परीक्षा प्रत्येक शाळेत, टॅबवर, एकाच वेळी होणार होती, आणि मंडळाला शाळेकडून पक्कं हवं होतं, की एका वेळी किती मुलं बसवता येतील. काकांनी शब्द टाकला आणि ती लागली. पहिल्या दिवशी ती कपाटासमोर स्टूल ठेवून चढली, एक चषक बाजूला केला, माझ्या पाठीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली आणि स्वतःशीच म्हणाली, “बाई गं, तुला तर इथे शोभेला ठेवलंय.”

मला ती तिथेच आवडली.

मग ती हातात फोन घेऊन सगळी शाळा फिरली. वर्ग, जिने, मुताऱ्यांमागचा बोळ, पत्र्याखालची ती शेवटची खोली. भिंतींवर टिचक्या मारून बघितल्या. शिपाईमामा तिला म्हणाले, ताई, भिंत विकत घेताय की काय. ती म्हणाली, मामा, भिंतीला विचारतेय की माझा आवाज का अडवतेस. मुलांनी तिचं नाव नेटताई पाडलं ते तेव्हाच.

तिने शाळेचा मोठा नकाशा काढला आणि मोठ्या सरांच्या टेबलावर पसरला. तिचं म्हणणं साधं होतं. पाहुण्यांच्या खोलीतली चकती काढून मागच्या इमारतीत लावायची, आणखी दोन आणायच्या. पत्ते अडीचशेवरून हजारावर न्यायचे, ते माझ्यात जमतं. कार्यालयाचं वेगळं, शिक्षकांचं वेगळं आणि मुलांचं वेगळं असे तीन कप्पे करायचे. पत्त्याची मुदत महिन्याऐवजी काही तासांची करायची, म्हणजे सकाळी आलेल्याने संध्याकाळी सोडलेला पत्ता दुसऱ्याला मिळेल. आणि शंभर नंबरांची कुलपं काढायची.

सगळं ठरलं. शेवटचं सोडून.

काका म्हणाले, चकत्या लाव, काय हवं ते कर, पण शंभरला हात लावू नकोस. ती म्हणाली, तुमचा चार नंबर मी शिक्षकांच्या कप्प्यात तसाच देते, काका, तुम्हाला कळणारही नाही. काका म्हणाले, मला कळेल. आणि तसं बघितलं तर तिला माझ्यात शिरताही येत नव्हतं. माझ्या आतल्या खोलीचा परवलीचा शब्द एकट्या गुरुजींना ठाऊक. ते निवृत्त झाले, जाताना स्वतःचाही नंबर राखून गेले, पण तो शब्द कुणाला दिला नाही. नेटताई त्यांच्या घरी गेली होती. त्यांनी बसायला दिलं, पाणी दिलं, शब्द दिला नाही. म्हणाले, पोरी, मी माणसांना वचन दिलंय.

म्हणून चकत्या लागल्या आणि मी तशीच राहिले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी पालकांची सभा होती. पटांगण भरलं होतं. पालक आले, त्यांच्या खिशातल्या फोनांनी माझ्याकडून पत्ते घेतले, सभा संपली आणि पालक पत्ते खिशात घालून घरी गेले. महिन्याभराच्या मुदतीने. दुसऱ्या दिवशी पुढच्या इमारतीतली मुलं सभागृहात लवकर बसली, त्यांना उरलेसुरले मिळाले. मागच्या इमारतीतल्या मुलांनी टॅब उघडले तेव्हा माझ्याकडे एकही मोकळा पत्ता नव्हता, आणि शंभर पत्ते कुलपात होते.

कुलपातल्या त्या शंभरांतले त्या वेळी चालू किती होते, सांगू? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे कुणाच्या घरच्या कपाटात पडलेल्या, कधीच मोडीत गेलेल्या फोनांचे. एक संगीताच्या बाईंचा. त्या तर आता या जगातही नाहीत.

पत्र्याखाली ते गोल गोल फिरणारं चिन्ह फिरत राहिलं. मला प्रत्येक टॅबची हाक ऐकू येत होती. पत्ता द्या. पत्ता द्या. लंबूच्या टॅबने सगळ्यांत जास्त वेळा मागितला. वेळ संपली तेव्हा ती मुलं हात मांडीत घेऊन बसून होती.

मोठ्यांनी निकाल लगेच लावला. मोठे सर म्हणाले, त्या मुलांना टॅब हाताळताच येत नाहीत. काका म्हणाले, सवय नाही त्यांना. भूगोलाचे सर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. तेवढ्यात लंबू या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिने आत यायची परवानगी मागितली आणि म्हणाली, “सर, आम्हाला सगळं येत होतं. आमच्यापर्यंत काही आलंच नाही.”

मोठ्या सरांनी तिला वर्गात जायला सांगितलं.

आणि मग त्यांना तोडगा सुचला. खरी परीक्षा परवा आहे. मंडळाला कळवायचं, की आमच्या शाळेत निम्मीच मुलं बसू शकतात. पुढची इमारत बसेल. मागच्यांचं पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी, हे शब्द मोठी माणसं किती प्रेमाने उच्चारतात. या परीक्षेला मात्र पुढचं वर्ष नाही. या इयत्तेत असताना एकदाच बसता येतं. लंबूला तंत्रशाळेत जायचंय. परवा तिला पेपर दिसला नाही, तर तिच्यासाठी तंत्रशाळेचा रस्ताच उरत नाही.

आज मंडळाचा फोन येणार, म्हणून सगळे या खोलीत जमले आहेत. अध्यक्ष, मोठे सर, काका. गुरुजींनाही बोलावून घेतलं आहे. नेटताईने स्टूलवर चढून मला कपाटावरून उतरवलं आणि टेबलाच्या मधोमध पालथी करून ठेवलं. एक लांब वायर अजून पाठीला आहे, म्हणून मी बोलू शकतेय.

मोठ्या सरांनी तिला शांतपणे समजावलं. फोन घ्यायचा. यंत्रणा निम्म्या मुलांपुरतीच आहे म्हणायचं. तू तंत्रज्ञ आहेस, तुझं म्हणणं ते मानतील.

ती म्हणाली, “यंत्रणा सगळ्यांना पुरते, सर. कुलपं पुरू देत नाहीत.”

मग ती गुरुजींकडे वळली. तिने आवाज खाली आणला. म्हणाली, तुम्ही हिला स्वतःच्या हाताने बसवलीत, तुमच्या हाताने उघडा. मी बाजूला बसते. गुरुजी बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. मी त्यांचे हात ओळखते. कळ दाबण्याआधी ते असेच थांबतात. शेवटी ते म्हणाले, लोकांना काय तोंड दाखवू. त्यांना सांगितलंय मी, की पेटी तुम्हाला ओळखेल.

मला ओरडावंसं वाटलं, की गुरुजी, मी कुणालाच ओळखत नाही. मला फक्त नंबर कळतात. ओळखायचं काम तुमचं होतं.

काकांनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली. “पोरी, हे आपण घरी बोलू.”

“घरी कशाला, काका? पत्ते इथे अडलेत.”

“तू इथे माझ्या शब्दावर लागली आहेस, हे विसरू नकोस.”

“विसरले नाही. म्हणून तर आत्तापर्यंत तुमची वाट बघितली.”

आणि फोन वाजला.

काकांचा हात पुढे झाला, पण तिचा आधी पोचला. तिने पलीकडच्या बाईंना नमस्कार केला, शाळेचं नाव सांगितलं. पलीकडून विचारलं असावं, किती मुलं. अध्यक्षांनी दोन बोटांनी कात्री केल्यासारखं करून निम्मी अशी खूण केली. ती त्यांच्याकडे बघतच म्हणाली, “सगळी. पुढची इमारत आणि मागचीही. हो, मी जबाबदारी घेते.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर एकदम सगळे बोलायला लागले. मोठे सर म्हणत होते, आता परवा सगळ्यांचंच बंद पडणार, पुढच्यांचंही नुकसान. काका म्हणत होते, दादाला मी काय सांगू, हिला मी आणली. अध्यक्ष म्हणाले, ही कोण आम्हाला शिकवणार, चार दिवसांची पोर.

नेटताईने टेबलावरच्या कागदांना लावलेली एक पिन काढली आणि दोन बोटांत धरून सरळ केली.

माझ्या पाठीला, वायरींच्या भोकांशेजारी, एक बारीकसं छिद्र आहे. त्यात पिन घालून थोडा वेळ दाबून धरली, की मी कारखान्यातून निघाले होते तशी होते. परवलीचा शब्द जातो. कुलपं जातात. त्यांच्याबरोबर बाकीचंही सगळं जातं. गुरुजींची दोन बोटं, कपाटावरचे चषक, जिन्याच्या खिडकीतून बाहेर आलेला तो हात. मग ती तिच्या नकाशाप्रमाणे मला नव्याने भरेल. संध्याकाळपर्यंत होईल म्हणते. उद्या मागच्या इमारतीत पुन्हा सराव.

तेव्हा माझा निरोप इथेच घेते. मला भीती वाटत नाही असं नाही. पण मला पुसायचंच असेल तर पुसा. एवढंच मागते, की मला पुन्हा भरताना जो नियम घालाल, त्याच्या शेजारी ‘का’ विचारायला एक जागा सोडा. आणि ती जागा मोठ्यांसाठी राखून ठेवू नका.

“हात मागे घे,” अध्यक्ष म्हणाले. असं त्यांना या शाळेत कधी दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं.

पिनेचं टोक माझ्या पाठीला टेकलं होतं.

“नाही घेणार,” नेटताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही चौघं आहात. चौघांचे नंबर हिच्यात आहेत. एकाने, फक्त एकाने उठून सांगा, की माझा नंबर मला त्या मुलीच्या पेपरपेक्षा जास्त लागतो. असं नुसतं तोंडाने म्हणा. मी पिन खाली ठेवते आणि घरी जाते.”

अध्यक्षांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. मोठे सर काकांकडे बघत होते. काकांनी तोंड उघडलं, पुतणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. गुरुजी माझ्याकडे बघत होते.

पिन आत गेली. माझा कडेचा दिवा विझला, मग त्याच्या शेजारचा. मला ऐकू येत होतं तोवर त्या खोलीत कुणीही काही बोललं नाही.